निशाताईचे आठ बटवे

माझी नणंद निशा जाम हट्टी बाई हाय. हे आधीच सांगून टाकते, न्हायतर पुढचं ऐकून तुम्ही मलाच नावं ठेवाल. ठेवा खुशाल, पण सगळं ऐकून मग ठेवा. मला भिवंडीजवळच्या शेलार गावाला नांदायला येऊन तीस वर्षं झाली, आणि या तीस वर्षांत नवऱ्यानं माझं जेवढं डोकं खाल्लं न्हाय तेवढं या बाईनं खाल्लं.

ती माझ्या नवऱ्याची, हिरामणची, मोठी बहीण. विसाव्या वर्षी तिला कशेळीला दिली होती. पोर झालं न्हाय म्हणून दोन वर्षांत परत आली, सोबत एक पत्र्याची पेटी. मी लग्न होऊन आले तेव्हा ती घरातच होती. भिवंडीत बाळंतपणाच्या दवाखान्यात रोजंदारीवर आया म्हणून जायची. आणि खरं सांगायचं तर तिला या घरातून मीच काढली. हाताला धरून न्हाय काढली. बावीस वर्षांची होते, नवी नवरी, तोंडाला लगाम न्हाय. एक दिवस भाकऱ्या थापता थापता बोलून गेले, "ताई, अजून किती दिवस?" बस, एवढंच. पुढच्याच महिन्यात तिनं भिवंडीत भाड्यानं खोली घेतली. मग नोकरी पक्की झाली, कर्ज काढून एका खोलीचं घर घेतलं, ते फेडलं. ते वाक्य आठवलं की आजही माझी मान खाली जाते. पण मी माफी मागितली न्हाय, आणि तिनं ते कधी काढून दाखवलं न्हाय. दाखवलं असतं तर एकदाचं भांडून मोकळी तरी झाले असते.

मागच्या वर्षी मे महिन्यात ती रिटायर झाली. पेन्शन बसली साडेसोळा हजार. फंडाचे सात लाख मिळाले ते तिनं दुसऱ्या दिवशी पोस्टात नेऊन टाकले, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी. तीस वर्षं दवाखान्याच्या लाद्यांवर उभी राहून दोन्ही गुडघे कामातून गेलेले.

पहिली पेन्शन आली त्या आठवड्यात मी तिच्याकडं गेले होते. बघते तर बाई शिवणाचं मशीन काढून बसलेली. खालच्या कारखान्यातून लूमच्या कापडाचे तुकडे मागून आणलेले, कोरे, खळीचा वास येणारे, आणि त्याचे बटवे शिवणं चाललेलं. एकावर धाग्यानं भाताची लोंबी काढलेली, तो रेशन आणि गॅसचा. एकावर दिवा, तो लाइट बिलाचा. गोळीचं चित्र होतं तो औषधांचा. हळदीचं पान काढलेला आहेराचा. असे आठ. स्वयंपाकाच्या ओट्यामागं ओळीनं खिळे ठोकून ते लटकवलेले.

"बँकेत राहूदे की पैसे. कार्ड हाय ना तुझ्याकडं?" मी म्हटलं.

"कार्डातून गेलेलं दिसत नाही गं. बटवा सपाट झाला की डोळ्यांना दिसतो." ती इतकी वर्षं शहरात राहून आहे-नाही बोलायला शिकलेली.

आठव्या बटव्यावर तिनं मासा काढला होता. मी विचारलं, हा मासळीचा का?

"तो माझा."

"तुझा म्हणजे?"

"माझा म्हणजे माझा. दर महिन्याला दीड हजार. उडवायचे. कोणाला सांगायचं नाही कशात गेले ते."

अगं बाई! साडेसोळा हजारांत राहणारी, गुडघ्यांना तेल चोळणारी म्हातारी, आणि दीड हजार उडवणार! मी म्हटलं, "ताई, लोक काय म्हणतील?"

"लोकांचा बटवा शिवलेला नाही मी," ती म्हणाली आणि दातांनी दोरा तोडला.

आणि उडवले तिनं, खरोखर उडवले. महिन्याच्या पहिल्या रविवारी ती चांगली साडी नेसायची आणि भिवंडीतल्या एका हॉटेलात जाऊन बसायची. एकटी. फॅमिली रूममध्ये. मी एकदा पाळतीवर गेले होते, म्हणून सांगते. वेटर विचारतोय, "खाला, और कौन आ रहा है?" ही म्हणते, "कोई नहीं. एक नल्ली निहारी, और रोटी गरम लाना, ठंडी लाया तो वापस." मला दारात बघून लाजली का? छे! मला समोर बसवलं, माझ्यासाठी पण ते नळीचं मटण मागवलं आणि म्हणाली, "खा गुपचूप, हे हिशोबात आहे." मी खाल्लं. चांगलं होतं. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं न्हाय.

आता तिची चूक सांगते, कारण चूक तिनं जबरी केली, आणि ती आमच्या आगऱ्यांतच होऊ शकते.

आमच्यात लग्नापेक्षा हळद मोठी. दोन दोन हजार माणूस जेवतं. आणि ज्यानं जो आहेर केला तो माइकवर नाव घेऊन सांगतात, वर वहीत लिहितात. त्याच्या घरी कार्य निघालं की वही उघडायची आणि त्याहून थोडं जास्त परत करायचं. ताईला तर पत्रिका ढिगानं. अर्ध्या तालुक्याची पोरं तिच्या हातावर जन्मलेली, त्यांच्या आया तिला सोडतात होय? तिनं काय केलं, तर आहेराला महिन्याला हजार ठरवले. आणि नियम असा केला की महिनाअखेरी ज्या बटव्यात जे उरेल ते माशाच्या बटव्यात टाकायचं. जूनपासून दिवाळीपर्यंत कोणाची हळद नसते. आहेराचे सगळे हजार दर महिन्याला माशाच्या पोटात. त्यातून बाई दवाखान्यातल्या जुन्या मैत्रिणींबरोबर महाबळेश्वरला जाऊन घोड्यावर बसून आली. फोटो हाय, मी बघितलाय. एकसष्ट वर्षांची बाई घोड्यावर, आणि मैत्रिणी खालून हसतायत.

मग आला माघ. मग फाल्गुन. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेले तर तिच्यासमोर तेवीस पत्रिका पसरलेल्या आणि आहेराच्या बटव्यात नऊशे रुपये. मला हसू आवरेना. "घ्या! महिन्याला हजार म्हणे! हळदी काय लाइट बिलासारख्या दर महिन्याला येतात?"

"चुकलं," ती म्हणाली. "डोक्यातच आलं नाही. पगारात असताना लागेल तसे काढत होते."

"मग आता दुसऱ्या बटव्यातून काढ."

"नाही."

"पोस्टाच्या व्याजातून काढ."

"ते गुडघ्यांचं."

"मग त्या माशातून तरी काढ बाई!"

"त्यातून तर मुळीच नाही." ती माझ्याकडं रोखून बघत म्हणाली, "विनिता, चूक माझी, ती मी त्याच बटव्यात निस्तरणार. एकदा एका बटव्यातून दुसऱ्यात हात घातला ना, की सहा महिन्यांत मी हिरामणच्या दारात उभी. आणि तिथं मी उभी राहणार नाही."

मी खाली बघून पत्रिका गोळा करायला लागले. का ते मला माहीत हाय आणि तिला पण.

आहेराचं उरलेलं माशात टाकणं तिनं बंद केलं आणि प्रत्येक घरी एक्कावन्न रुपये द्यायचे ठरवले. एक्कावन्न! आजकाल एक्कावन्नात पाकीट तरी येतं का चांगलं? आमच्या इथं माइकवर नवशा असतो, जाम चावट. तो मुद्दाम लांबवायचा, "निशाताईंकडून... एक्का... वन्न... रुपये!" मांडव हसायचा. आणि ही? ही सगळ्यांत आधी टाळ्या वाजवायची. एकदा तर खालून ओरडली, "नवशा, मोजून घे रे, वरचा एक सुटा आहे!" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आडनाव आमचंच ना शेवटी.

वैशाखात आमच्या दीपेशची हळद ठरली. दीपेश माझा थोरला. हिरामणनं चार महिने आधीपासून डोक्यात घेतलं होतं की शेलारमध्ये झाली न्हाय अशी हळद करायची. मानकोलीची जमीन गोदामवाल्याला विकली तेव्हा पैसे आले होते, ते कुठं गेले ते मला विचारू नका. मला ते दिसलेच न्हायत. बंगला दिसतो, तेवढंच.

हळदीच्या पंधरा दिवस आधी आम्ही दोघं ताईकडं गेलो. हिरामण पलंगावर बसला, चहा प्यायला आणि म्हणाला, "ताई, तू पोराची आत्या. एक तोळ्याची चेन पायजे तुझ्याकडून. माइकवर नाव झालं पायजे."

ताई उठली, ओट्याकडं गेली, हळदीच्या पानाचा बटवा काढून पलंगावर पालथा केला. सहाशे तीस रुपये निघाले. "पाचशे एक देते," ती म्हणाली. "दीपेशचे बाजूला राहावेत म्हणूनच बाकीच्यांना एक्कावन्न दिले."

पण हिरामण हसला. "चेष्टा करते का? पोस्टातले मोड. सात लाख घेऊन काय करणार हायस?"

"ते माझे गुडघे आहेत."

"तुझ्या गुडघ्यांचं मी बघीन. भाऊ मेलाय का तुझा?"

ताईनं पलंगावरचे पैसे गोळा करून परत बटव्यात भरले. आवाज चढवला न्हाय. "मानकोलीच्या जमिनीच्या हक्कसोडवर सही घ्यायला आलास तेव्हापण हेच म्हणालास, तुझं मी बघीन. मी सही केली. मला साडी दिलीस. छान होती साडी."

ती साडी मी घेतली होती. नऊशेची. दुकानात बाराशेची पण होती, मी नऊशेची उचलली. तिथं बसल्या बसल्या जमीन फाटली असती तर मी आत गेले असते. आणि लाज वाटली की मला राग येतो, माझा स्वभावच हाय तो, म्हणून मीच ताडकन उठले आणि म्हटलं, "चला हो, इथं आपल्या पोराचं कोणाला काही न्हाय!"

रात्री जेवताना हिरामण म्हणाला, "तुझी चेन दे."

माझ्या आईनं मला लग्नात दिलेली चेन. सव्वा तोळ्याची. घरातलं तेवढंच एक सोनं जे माझं म्हणायचं. "पॉलिश करून आणतो, डबीत घालतो," तो म्हणाला. "नाव ताईचं होईल, चेन दीपेशच्या गळ्यात जाईल. घरातली वस्तू घरातच. सोन्याचा भाव लाखाच्या वर गेलाय, नवीन कुठून आणू?"

मी काढून दिली. ताईची चार लोकांत शोभा व्हायला नको म्हणून देते, असं मी स्वतःला सांगितलं. खोटं हाय ते. आमची व्हायला नको म्हणून दिली.

हळदीच्या दिवशी ताई सकाळी आठलाच आली. गुडघ्यांना पट्टे बांधून दिवसभर बायकांत बसून नारळ खवले, हळद कालवली, धवळे गाणाऱ्या बाईबरोबर आवाज लावला. आमच्या नामाकाकांकडं आहेराची वही होती, त्यांच्याकडं पाचशे एकचं पाकीट देऊन लिहून घेतलं. माझ्याशी नीट बोलली. मीच तिच्या नजरेला नजर देत नव्हते.

दिवेलागणीला मांडव भरला. दीपेश पाटावर, हळदीनं पिवळा. नवशानं डीजे थांबवला आणि माइकवर ओरडला, "आता ऐका मंडळी! नवऱ्या मुलाची आत्या निशाताई, यांच्याकडून भाच्याला एक तोळ्याच्या वर सोन्याची चेन!"

शिट्ट्या झाल्या. टाळ्या झाल्या. कोणीतरी म्हणालं, बघा, एक्कावन्नवाली कशी निघाली! मी मनात म्हटलं, आता गप्प बस गं बाई, एवढी एक वेळ गप्प बस.

ती उठली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून, सावकाश. बायकांतून वाट काढत स्टेजपाशी गेली, दोन पायऱ्या चढली आणि नवशाच्या हातातून माइक घेतला. तो देईना, तर तिनं त्याच्या मनगटावर चापट मारली. त्याच्या आईची बाळंतपणाची खोली हिनंच पुसलेली, तिला काय नवशाची भीती!

"ही चेन माझी न्हाय," ती म्हणाली. रागात तिचं गावचं तोंड परत आलं होतं. "माझा आहेर पाचशे एक. नामाकाकांच्या वहीत लिवलाय, बघून घ्या. मला पेन्शन हाय साडेसोळा हजार. तेवढ्यात मी खाते, औषध घेते, आहेर करते, मजा पण करते. कोणाच्या दारात गेले न्हाय आणि मरेपर्यंत जाणार न्हाय. आज ही चेन माझ्या नावावर लिवली, तर उद्या तुम्ही सगळे माझ्याकडं सोनं मागाल, आणि मी ते द्यायला जाईन, आणि मग मला भावाच्या ओसरीवर येऊन पडावं लागेल. मला न्हाय पडायचं."

मांडवात कोणी हसलं न्हाय. हिरामण धावत स्टेजवर गेला. "ताई, माइक दे. आजपासून या घरात तुझं कोणी न्हाय, समजलं? आजारी पडलीस तर पाणी पाजायला येणार न्हाय मी!"

"त्याचा बटवा हाय माझ्याकडं," ती म्हणाली.

मग तिनं स्टेजवर ठेवलेली चेनची डबी उघडली. चेन हातात घेतली आणि तिथंच थांबली. ओळखली तिनं. ओळखणारच, माझ्या लग्नात ती माझ्या गळ्यात तिनंच अडकवली होती, हूक माझ्या केसांत गुंतला होता तो तिनंच सोडवला होता. तिनं माइक नवशाला परत दिला. खाली उतरून सरळ माझ्यासमोर आली. हिरामण तिच्या मागं. सगळा मांडव बघतोय.

"पदर सरकव," ती हळू म्हणाली.

"ताई, नको, दीपेशला जाऊदे."

"दीपेशला हात आहेत, पाय आहेत, नोकरी आहे. तुझ्याकडं काय आहे, विनिता? एक रुपया तरी आहे तुझ्या नावावर? मला तिशीत कोणीतरी रस्ता दाखवला, म्हणून मी कमावलं. तुला कोणी दाखवला नाही."

ती टोमणा मारत नव्हती. म्हणूनच मला जास्त लागलं. मी तिथंच रडले, सगळ्यांसमोर, नाक पुसत. तिनं माझ्या गळ्यात चेन घातली आणि हूक लावला. हिरामण दात चावत म्हणाला, "विनिता, काढ ती." मी मान खाली घातली, पण हात वर नेला न्हाय.

पाटावरून दीपेश ओरडला, "आत्या, जेवून जा गं!"

"जेवल्याशिवाय कोण जातंय? दिवसभर नारळ खवलेत मी," ती म्हणाली, आणि पहिल्या पंगतीला बसून मटण दोनदा मागून घेतलं. तिच्या बाजूला कोणी बसेना. मग मी बसले.

लग्न झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी मांडववाला आणि डीजेवाला दोघं दारात येऊन उभे राहिले, बाकीचे पैसे मागायला. हिरामणनं त्यांना चहा दिला, पुढच्या आठवड्यात या म्हणाला, ते उठेनात. मग तो आत आला. मी तांदूळ निवडत होते.

"चेन दे. सोनाराकडं ठेवतो, महिन्याभरात सोडवतो."

"न्हाय," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी ऐकलं न्हाय. "विनिता, बाहेर माणसं बसलीत. इज्जत जातेय."

"मागच्या वर्षी घेतलेली गाडी दारात उभी हाय. ती विका."

"गाडी विकू? आणि तू ती चेन घेऊन काय करणार, म्हातारपणी खाणार हायस?"

"हो," मी म्हटलं. "खाणार हाय."

तीस वर्षांत या माणसाला मी न्हाय म्हटलं नव्हतं. तो दारात उभा राहिला, मी सुपातला एक एक खडा काढत राहिले. बाहेरून डीजेवाल्यानं हाक मारली, "शेठ, किती वेळ?" हिरामणनं खुंटीवरची गाडीची चावी काढली आणि बाहेर गेला.